नेबर फुल, तरी जतची शाखा गुल

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच दुखण्याचे निघाले, म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेतलेत. मुख्य ऑफिस सांगलीत नाहीतर कराडात, शाखा तालुक्याच्या गावी, मधे इंटरनेटवरून टनेल म्हणजे दोन राउटरमधली खाजगी वाट, आणि प्रत्येक शाखेचा टनेल फक्त मुख्य ऑफिसपर्यंत. ह्याला हब अँड स्पोक म्हणतात. आपल्याकडं एसटी तशीच चालते की, जतच्या माणसाला शिराळ्याला जायचंय तर तो सांगलीत उतरणार, स्टँडवर भडंगाचा पुडा घेणार आणि पुढची गाडी धरणार. त्याला माहीत असतं की जत आणि शिराळा शेजारी नाहीत. राउटिंग प्रोटोकॉलला, म्हणजे कुठलं नेटवर्क कुठून गाठायचं ते राउटर ज्या भाषेत एकमेकांना सांगतात तिला (ओएसपीएफ, ईआयजीआरपी, आरआयपी, बीजीपी ह्या त्यातल्याच), मात्र ते कोणीतरी सांगावं लागतं, कारण हे प्रोटोकॉल बनवणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एक खोली होती, एकजण बोलला की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाणार. हब अँड स्पोकमध्ये शाखेचं बोलणं फक्त हबला ऐकू जातं, शेजारच्या शाखेला नाही. खालच्या बहुतेक पत्रांत घोळ इथनंच सुरू झालाय. राउटर ज्याच्याशी बोलतो तो त्याचा नेबर, ओएसपीएफमध्ये बोलणं पुरं झालं की नेबर फुल, आणि त्यातनं कळलेला रस्ता म्हणजे रूट, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : सर नमस्कार. मी एका पतसंस्थेचं नेटवर्क बघतो, हब सांगलीत आणि तासगाव, पलूस, विटा, जत, कवठेमहांकाळ, शिराळा अशा सहा शाखा. सगळीकडं सिस्को राउटर, डीएमव्हीपीएन (हबच्या एकाच टनेलवर सगळ्या शाखा जोडायची सोय) आणि त्यावर ओएसपीएफ. सुरवातीला नेबर सारखे वर खाली व्हायचे, एका मित्रानं टनेलवर ओएसपीएफचा नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट करून दिला आणि ते थांबलं. महिनाभर मस्त चाललं. मग एक दिवस लाइट गेली, यूपीएसनं पण मान टाकली, हब दहा पंधरा मिनिटं बंद. परत आला तर सहाच्या सहा नेबर फुल दिसतायत पण रूट फक्त शिराळ्याचे, बाकी पाच शाखा गुल. शाखांचे राउटर एकेक करून रिस्टार्ट केले की नीट होतं. पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच. हब खराब झालाय का? मॅनेजर नवीन राउटरचं कोटेशन मागवा म्हणतायत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : कोटेशन मागवू नका. राउटर ठणठणीत आहे, आणि तुमच्या मित्रानं केलेलं पण चूक नाही, अर्धं आहे.

आधी ते पहिलं वर खाली होणं का होतं ते बघू. सिस्कोच्या टनेल इंटरफेसवर ओएसपीएफचा टाइप आपोआप पॉइंट टू पॉइंट असतो, म्हणजे हब समजतो की ह्या टनेलच्या पलीकडं एकच माणूस आहे. तुमचा हबचा टनेल मल्टिपॉइंट, पलीकडं सहाजण. तासगावचा हॅलो, म्हणजे मी आहे असं सांगणारं छोटं पॅकेट, आला की त्याला नेबर धरायचं, तेवढ्यात पलूसचा आला की आधीचा सोडून ह्याला धरायचं, मग विटा, असं दिवसभर. ब्रॉडकास्ट केल्यावर हबला कळलं की पलीकडं बरेच जण आहेत, म्हणून ते थांबलं.

पण ब्रॉडकास्ट म्हणलं की ओएसपीएफ त्या खोलीत एक मॉनिटर निवडतो, शाळेत वर्गात असतो तसा, त्याला डेझिग्नेटेड राउटर म्हणजे डीआर म्हणतात. एक उपमॉनिटर पण असतो, बीडीआर. सगळ्यांनी आपली माहिती मॉनिटरकडं द्यायची आणि तो सगळ्या वर्गाच्या वतीनं नेटवर्कचा नकाशा छापणार. आता तुमचा हब बंद पडला. शाखांचा डेड टायमर ४० सेकंदांचा, हॅलो दर १० सेकंदांनी. ४० सेकंद हबचा हॅलो आला नाही की जतच्या राउटरनं इकडं तिकडं बघितलं, वर्गात आपण एकटेच, म्हणजे मॉनिटर आपणच. पलूसनं पण तेच केलं, विट्यानं पण. सहा शाखा, सहा मॉनिटर, आणि कोणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही कारण एकमेकांचं ऐकूच येत नाही.

हब पंधरा मिनिटांनी उठून वर्गात आला तर सहाजण हात वर करून मीच मॉनिटर म्हणतायत. ओएसपीएफमध्ये चालू मॉनिटरला खाली ओढायची पद्धत नाही, नंतर आलेला कितीही मोठा असला तरी. मग हब त्या सहांतला प्रायॉरिटीनं मोठा, आणि प्रायॉरिटी सारखी असेल तर राउटर आयडीनं (ओळख क्रमांकानं) मोठा असलेला धरतो. तुमच्याकडं तो शिराळा असणार, त्याचा आयडी बघा. हब स्वतः उपमॉनिटर होतो, म्हणून सगळ्यांशी त्याची फुल जुळणी होते आणि यादी हिरवीगार दिसते. पण हब आपल्या नकाशात फक्त शिराळ्यानं छापलेल्या नेटवर्कला जोडलेला आहे, आणि जत स्वतः छापलेल्या वेगळ्याच नेटवर्कचा मॉनिटर होऊन बसलाय. ओएसपीएफ रस्ता तेव्हाच धरतो जेव्हा दोन्ही टोकं एकमेकांकडं बोट दाखवतात. जत हबकडं दाखवतोय, हब जतच्या नकाशाकडं दाखवत नाहीये, म्हणून रूट नाही. नेबर फुल म्हणजे वह्यांची अदलाबदल झाली एवढंच, वहीतला हिशोब जुळला असं त्यात कुठंही म्हणलेलं नाही.

खात्री करायची असली तर पुढच्या वेळी शाखा रिस्टार्ट करायच्या आधी दोन तीन शाखांवर जाऊन टनेल इंटरफेसची ओएसपीएफ माहिती बघा, प्रत्येकजण स्टेट डीआर दाखवेल. शाखेत शिरायचं कसं म्हणाल तर खुद्द हबवरून शाखेच्या टनेलच्या आयपीला एसएसएच (दुरून लॉगिन) करा, तो थेट जोडलेला आयपी आहे, त्याला ओएसपीएफ लागत नाही.

उपाय एका ओळीचा. सहाही शाखांच्या टनेलवर ओएसपीएफ प्रायॉरिटी शून्य. शून्यवाला कधीच उमेदवार नसतो, हब मेला तरी नाही. हबला नुसती २५५ प्रायॉरिटी देऊन काम झालं असं समजणारे मी बरेच बघितलेत, त्यानं काही होत नाही, कारण हब नसताना निवडणूक होते आणि हब परत आल्यावर ती रद्द होत नाही. शून्य द्यायचा तो शाखांवर. सगळ्या शाखांवर. एक राहिली तर तीच एक दिवस मॉनिटर होणार.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, टाइप पॉइंट टू मल्टिपॉइंट करायचा. ह्यात मॉनिटर वगैरे भानगडच नाही, हब प्रत्येक शाखेशी वेगळी जोडी धरतो. टायमर आपोआप ३० आणि १२० होतात, म्हणजे शाखा पडलेली कळायला दोन मिनिटं, ती चालत नसतील तर दोन्हीकडं हाताने कमी करा. रूट टेबलमध्ये प्रत्येक टनेल आयपीची /३२ची, म्हणजे एकाच पत्त्याची, एकेक ओळ दिसायला लागेल, तिला घाबरू नका. एक फरक मात्र ध्यानात असू द्या, ह्यात ओएसपीएफ जत ते शिराळा रस्ता सांगलीतूनच काढतो. ब्रॉडकास्टमध्ये जतच्या टेबलात शिराळ्याचाच टनेल आयपी नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) म्हणून येतो, त्यामुळं डीएमव्हीपीएन शाखा ते शाखा थेट टनेल उभा करू शकतो. पण पतसंस्थेच्या जत शाखेला शिराळ्याशी काय बोलायचंय, सगळं मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर, तर ते जाऊ द्या.

आणि हे बदलताना एकही शाखा अर्धवट ठेवू नका. हब ब्रॉडकास्ट आणि एखादी शाखा चुकून पॉइंट टू पॉइंट राहिली तर दोघांचे टायमर १० आणि ४० असल्यामुळं नेबर आरामात फुल होतो आणि रूट एकही येत नाही. लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. ओएसपीएफचा डेटाबेस, म्हणजे तोच नकाशा, उघडून बघितला तर त्या राउटरच्या नावाखाली अॅडव्हर्टायझिंग राउटर पोचण्यासारखा नाही अशा अर्थाची ओळ येते, ती दिसली की टाइप तपासायचा.

यूपीएसच्या बॅटऱ्या पण बदला, ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न : नवीन शाखा जोडली. हबवर तिचा नेबर इनिट दाखवतो आणि शाखेवर काहीच दिसत नाही. पिंग दोन्हीकडून होतं. (एक वाचक, पलूस)

उत्तर : इनिट म्हणजे हबला शाखेचा हॅलो ऐकू येतोय पण त्यात हबचं नाव नाही, म्हणजे हबचा हॅलो शाखेला पोचत नाही. पिंग एकाला एक असतं, हॅलो जातो २२४.०.०.५ ह्या मल्टिकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांसाठीच्या, पत्त्यावर, म्हणून पिंग चालण्याचा ह्याच्याशी संबंध नाही. डीएमव्हीपीएनच्या हबवर एनएचआरपीला (कुठली शाखा कुठल्या पब्लिक आयपीवर आहे ते लक्षात ठेवणारा भाग) मल्टिकास्ट डायनॅमिक मॅप करायची ओळ असते, ती बघा, बहुतेक कॉपी पेस्ट करताना राहिलीय. ही ओळ नसेल तर हबला प्रत्येक शाखेसाठी त्या हॅलोची वेगळी प्रत काढून पाठवायची असते हेच माहीत नसतं.

प्रश्न : दादा, आमचं यंत्रमागाचं काम आहे, विट्यात दोन शेड आणि सांगलीत ऑफिस. तीन राउटर, जीआरई प्रकारचा टनेल, त्यावर आयपीसेकचं एन्क्रिप्शन, आणि ओएसपीएफ. पहिल्या शेडला काही त्रास नाही. दुसऱ्या शेडला नवीन फायबर ब्रॉडबँड घेतलं, राउटरमध्ये यूजरनेम पासवर्ड टाकून चालू होतं ते. तिथला नेबर एकीकडं एक्सस्टार्ट दाखवतो, दुसरीकडं एक्सचेंज, थोड्या वेळानं पडतो आणि परत पहिल्यापासून. कनेक्शन लावणाऱ्यानं एमटीयू इग्नोर अशी एक ओळ टाकली तर लगेच फुल झाला, रूट पण आले, पण आता बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडतं, लॉगिन होतं आणि मोठा रिपोर्ट काढला की गोल गोल फिरत बसतं. पिंग एकदम क्लीन. (एक वाचक, विटा)

उत्तर : त्या माणसानं ताप उतरवायच्या ऐवजी थर्मामीटर फोडलाय.

ओएसपीएफचे दोन राउटर जेव्हा आपापल्या डेटाबेसची यादी एकमेकांना दाखवतात, ती एक्सस्टार्ट आणि एक्सचेंजची पायरी, तेव्हा त्या यादीच्या पाकिटावर प्रत्येकजण आपल्या इंटरफेसचा एमटीयू लिहितो, म्हणजे एका दमात किती मोठं पॅकेट घेऊ शकतो ते. समोरच्यानं लिहिलेला आकडा आपल्यापेक्षा मोठा असला तर राउटर ते पाकीट ठेवूनच घेत नाही. हॅलो छोटा असतो, तो जातो येतो, म्हणून नेबर दिसतो, आणि यादीची वेळ आली की अडतो. एकीकडं एक्सस्टार्ट आणि दुसरीकडं एक्सचेंज असं जोडीनं दिसलं की मी बाकी काही न बघता एमटीयू बघतो, आणि दहातल्या नऊ वेळा तेच निघतं.

तुमच्याकडं काय झालं असणार ते आकड्यांत बघा. साध्या इथरनेटचा एमटीयू १५००. यूजरनेम पासवर्डवालं ब्रॉडबँड म्हणजे पीपीपीओई, ते आपल्या डोक्यावर ८ बाइट घेतं, राहिले १४९२. त्यावर जीआरईचे २४, राहिले १४६८. त्यावर आयपीसेक, त्याचा खर्च कुठली सेटिंग त्यावर कमी जास्त, पण पन्नास साठ बाइट सहज जातात. म्हणजे खरी जागा चौदाशेच्या आसपास. पहिल्या शेडच्या आणि सांगलीच्या टनेलवर कोणीतरी शहाण्या माणसानं आयपी एमटीयू १४०० लिहून ठेवलंय, आणि नवीन शेडच्या टनेलवर काहीच लिहिलेलं नाही म्हणून तो जीआरईचा नेहमीचा १४७६ सांगतोय. सांगली म्हणते माझे १४००, तू १४७६ कसा काय.

एमटीयू इग्नोर टाकल्यावर ओएसपीएफनं तो आकडा वाचायचं सोडलं, म्हणून फुल झालं. जागा वाढली नाही. आता लॉगिनचं छोटं पॅकेट जातं, पिंगचं ३२ बाइटचं तर जातंच, पण रिपोर्टची भरगच्च पॅकेट येतात, त्यांच्यावर तुकडे करू नका असा शिक्का असतो आणि कुठंतरी मधे ती टाकून दिली जातात. जागा कमी आहे असा परत निरोप यायला पाहिजे, पण मधला एखादा फायरवॉल आयसीएमपी (असले निरोप नेणारा प्रोटोकॉल) अडवत असला तर तो निरोप पण येत नाही. मग स्क्रीनवर गोल गोल.

करायचं असं. ती इग्नोरची ओळ काढा. नवीन शेडच्या टनेलवर आयपी एमटीयू १४०० लिहा आणि टीसीपी एमएसएस (हेडर सोडून एका पॅकेटमधला माल) १३६०, हबच्या टनेलवर पण हेच आहे का बघा, ४० चा फरक आयपी आणि टीसीपीच्या हेडरचा. मग सांगलीच्या विंडोज कॉम्प्युटरवरून शेडमधल्या कॉम्प्युटरला पिंग करा, तुकडे न करण्याचा पर्याय लावून आणि साइज १३७२ देऊन. १३७२ अधिक २८ हेडर म्हणजे बरोबर १४००. ते गेलं पाहिजे आणि १३७३ अडलं पाहिजे. १३७२ पण अडलं तर तुमच्या लाइनवर जागा अजून कमी आहे, मग दहा दहानं उतरत जा आणि जिथं जाईल तो आकडा अधिक २८ हा खरा एमटीयू, तो तिन्ही राउटरवर लिहा. नुसतं पिंग क्लीन आहे असं इथून पुढं म्हणायचं नाही, केवढं पिंग ते म्हणायचं.

प्रश्न : सर, मी कराडला एका शिक्षण संस्थेत सिस्टिमचं काम बघते. चार ठिकाणची कॉलेज, हब कराडला, ईआयजीआरपी आहे. हबला चारही ठिकाणचे रूट येतात. कॉलेजांना हबचे रूट येतात. पण पाटणच्या राउटरला कोरेगावचा रूट येत नाही आणि कोरेगावला पाटणचा नाही. सगळं कॉन्फिग दहा वेळा वाचून झालं, टायपिंगची चूक पण नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, टायपिंगची चूक नाहीच, एक जुनी चांगली सवय इथं नडतेय. स्प्लिट होरायझन. ज्या इंटरफेसवरून बातमी आली त्याच इंटरफेसवरून ती परत सांगायची नाही, कारण ज्यानं सांगितलं त्यालाच काय सांगायचं, उलट गैरसमज होऊन पॅकेट गोल फिरत बसायची. एका खोलीत हे बरोबर आहे, पाटणनं सांगितलेलं कोरेगावनं स्वतः ऐकलेलं असणार. पण तुमच्या हबचा टनेल इंटरफेस एकच आणि त्याच्या पलीकडचे चौघं एकमेकांना बहिरे. पाटणची बातमी टनेलवरून आली म्हणून हब ती टनेलवर परत टाकत नाही आणि कोरेगाव तसंच बसून राहतं.

हबच्या टनेलवर, फक्त हबच्या, ईआयजीआरपीसाठी स्प्लिट होरायझन बंद करा, दोन मिनिटात रूट दिसतील. पण मी असतो तर ते न करता हबवरून एक समरी रूट खाली सोडला असता. चारही कॉलेजांना १०.२० ने सुरू होणारे पत्ते दिले असतील असं धरा, तर हबनं नुसतं सांगायचं की १०.२०.०.० चा /१६ माझ्याकडं आहे, कोणाला काही पाहिजे असेल तर इकडं या. समरी हबनं स्वतः तयार केलेली असते, टनेलवरून आलेली नसते, त्यामुळं स्प्लिट होरायझन तिला हात लावत नाही. कॉलेजचं रूट टेबल चार ओळींचं राहतं, एका कॉलेजची लाइन दिवसभर लपकझपक करत असली तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. जोडीला चारही कॉलेजांचे राउटर स्टब (ज्याच्या पुढं रस्ता नाही असा शेवटचा थांबा) करून टाका, म्हणजे एखादा रूट हरवला की हब त्यांना विचारत बसणार नाही. पत्ते जर कुठलेही कसेही वाटलेले असतील, एकाला १९२.१६८ आणि दुसऱ्याला १७२.१६, तर समरीचा विषय संपला आणि ते मात्र पहिल्या दिवशीच नीट करायला पाहिजे होतं.

ओएसपीएफवाल्यांना हा त्रास होत नाही बरं का, तिथं बातमी नाही तर सगळा नकाशाच फिरतो आणि प्रत्येकजण आपला रस्ता स्वतः काढतो, डायक्स्ट्रानं १९५९ साली छापलेल्या रीतीनं.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा कोल्ड स्टोरेज आहे, तासगाव भागात पाच ठिकाणी. खर्च नको म्हणून हबला जुना पीसी, त्यावर लिनक्स, टनेलसाठी वायरगार्ड आणि राउटिंगसाठी एफआरआर. शाखांना पण छोटे लिनक्स बॉक्स, काही ठिकाणी ४जी डोंगल. टनेल सगळे चालू, हँडशेक दिसतो. ओएसपीएफ फक्त एकाच शाखेशी जमतो, आणि गंमत म्हणजे जी शाखा शेवटी जोडली तिच्याशीच. नवीन जोडली की जुनी तुटते. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : पत्रात उत्तर तुम्हीच लिहिलंय, शेवटी जोडली तिच्याशीच.

वायरगार्डमध्ये प्रत्येक पीअरच्या (पलीकडच्या टोकाच्या) नावापुढं अलाउड आयपी लिहितात, ते बरेच जण फायरवॉलची यादी समजतात. ती यादी आहेच, पण बाहेर जाताना तीच राउटिंग टेबल पण आहे. पॅकेट कुठल्या पत्त्याला चाललंय ते बघून वायरगार्ड ठरवतो की कुठल्या पीअरच्या किल्लीनं बंद करायचं. एका इंटरफेसवर एक पत्ता एकाच पीअरचा असू शकतो. तुम्ही पाचही पीअरला २२४.०.०.५ लिहिला असणार, आणि वायरगार्ड तक्रार न करता तो आधीच्याकडून काढून शेवटच्याला देतो. म्हणून हबचा हॅलो एकाच शाखेला जातो. मल्टिकास्टच्या पाच प्रती काढणं वायरगार्डला येतच नाही.

प्रत्येक शाखेला हबवर वेगळा वायरगार्ड इंटरफेस करा, वेगळा पोर्ट, वेगळा /३० चा, म्हणजे दोघांपुरत्या पत्त्यांचा, तुकडा. पाच इंटरफेस म्हणजे काही ओझं नाही. आता प्रत्येक इंटरफेसवर एकच पीअर, तर अलाउड आयपीमध्ये सरळ ०.०.०.०/० लिहा, त्यात मल्टिकास्ट पण आला, आणि डब्ल्यूजी क्विक (वायरगार्ड चालू करणारी स्क्रिप्ट) वापरत असाल तर टेबल ऑफ करायला विसरू नका, नाहीतर तो हबचा सगळा इंटरनेट त्या टनेलमध्ये ओतेल. ओएसपीएफचा टाइप पॉइंट टू पॉइंट. इथं तो शोभतो, कारण खरंच दोघंच आहेत.

कोणी म्हणेल बीजीपी लावा, ते टीसीपीच्या १७९ पोर्टवर एकाला एक बोलतं, मल्टिकास्ट लागत नाही. खरंय, पण एकाच इंटरफेसवर पाच पीअर ठेवले तर प्रत्येक शाखेचं आतलं नेटवर्क अलाउड आयपीत हातानंच लिहावं लागणार, मग डायनॅमिक राउटिंग कशाला लावलंय.

४जी वाल्या शाखांना बाहेरचा आयपी १०० ने सुरू होणारा दिसत असेल, १००.६४ ते १००.१२७ मधला, तर ती कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागं आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच जणांत वाटलेला. चालतं, फक्त बोलायला सुरवात शाखेनंच करायची आणि कीपअलाइव्ह (टनेल जागता ठेवणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवायचा. हबला मात्र स्वतःचा पब्लिक आयपी पाहिजेच.

प्रश्न : आमच्या तीन शाखा. आरआयपी लावलाय, दहा वर्ष झाली. लोक हसतात. बदलू का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : चालतंय तर हसू द्या. शाखा पडलेली कळायला आरआयपीला तीन मिनिटं लागतात, ती तुम्हाला चालत असतील तर प्रश्न नाही. तीन शाखा आणि एकच हब असेल तर मी तर स्टॅटिक, म्हणजे हातानं लिहिलेले, रूट टाकून घरी गेलो असतो.

प्रश्न : टनेल दर अर्ध्या मिनिटानं पडतो आणि उठतो. लॉगमध्ये रिकर्सिव्ह राउटिंगमुळं टनेल तात्पुरता बंद केला असं येतं. ओएसपीएफ बंद केला की टनेल एकदम शांत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचा राउटर स्वतःच्याच खांद्यावर बसायला बघतोय. टनेलचं पॅकेट हबच्या पब्लिक आयपीला पोचलं तरच टनेल चालणार. शाखेला त्या पब्लिक आयपीचा रस्ता माहीत आहे तो डिफॉल्ट रूटनं (दुसरा नेमका रस्ता नसला की धरायचा तो), इंटरनेटकडं. आणि हबवर कोणीतरी ओएसपीएफमध्ये सगळी नेटवर्क एका ओळीत घेतली, तर त्यात हबची इंटरनेटची बाजू पण आली, समजा /२९, म्हणजे आठ पत्त्यांचा तुकडा. टनेल उठला, ओएसपीएफ बोलला, शाखेला कळलं की हबचा पब्लिक आयपी टनेलमधून मिळतो, आणि /२९ डिफॉल्टपेक्षा नेमका म्हणून तोच धरला. आता टनेलची पॅकेट टनेलमधून टनेलकडं. राउटरच्या लक्षात येतं, तो टनेल पाडतो, टनेल पडला की रूट जातो, रूट गेला की डिफॉल्टनं टनेल परत उठतो, आणि चालू.

हबच्या ओएसपीएफमधून इंटरनेटची बाजू काढा, आतली नेटवर्क आणि टनेल एवढंच ठेवा. शिवाय शाखेवर हबच्या पब्लिक आयपीचा /३२ स्टॅटिक रूट इंटरनेटच्या गेटवेकडं लिहून ठेवा, म्हणजे पुढं कोणी हबवर परत हात फिरवला तरी शाखा हलणार नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं ऑफिस पाण्यात होतं, हब तळमजल्यावर, आठ दिवस एकही शाखा चालली नाही, अगदी जत आटपाडीच्या पण, जिथं पाऊस पण नव्हता. २०२१ ला परत तीच धावपळ. आता दुसरा हब विट्याच्या शाखेत ठेवायचा ठरलंय. ओएसपीएफच आहे. काय काय सांभाळायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जागा चांगली निवडलीत. मिरजेत नाहीतर विश्रामबागेत ठेवणं सोयीचं पडलं असतं, पण पूर आला की लाइट आणि फायबर सगळ्यांचीच जाते, विटा वर पठारावर, कृष्णेपासून लांब.

पहिली गोष्ट, दोन्ही हब एकाच टनेलच्या जाळ्यात घालू नका. सांगलीचं जाळं वेगळं, विट्याचं वेगळं, प्रत्येक शाखेवर दोन टनेल इंटरफेस, दोन वेगळी सबनेट. ब्रॉडकास्ट ठेवणार असाल तर दोन्ही टनेलवर शाखांची प्रायॉरिटी शून्य, पहिल्या पत्राचं उत्तर वाचा.

दुसरी गोष्ट कॉस्ट, म्हणजे रस्त्याचं भाडं, ज्याचं कमी तो रस्ता आधी. शाखेवर सांगलीच्या टनेलला १०० आणि विट्याच्या टनेलला २०० दिली की शाखेतून जाणारं ट्रॅफिक सांगलीला जाणार. पण परत येणारं कुठून येतं ते शाखा ठरवत नाही, ते हबच्या टनेलवरची कॉस्ट ठरवते. ती दोन्ही हबवर पण तशीच, १०० आणि २००, लिहायला लागते. विसरलं तर गेलेलं सांगलीतून आणि आलेलं विट्यातून असं होऊ शकतं, आणि मधे फायरवॉल असला तर तो म्हणतो ह्या बोलण्याची सुरवात मी ऐकली नाही, आणि पाडतो. हे फार छळतं, कारण पिंग कधी कधी जातं आणि बँकिंगचं सॉफ्टवेअर अजिबात नाही, आणि प्रत्येकजण सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो.

तिसरी, टायमर. लवकर कळावं म्हणून हॅलो एक सेकंद करायचा मोह होतो. पावसाळ्यात ४जी वर चाललेल्या शाखेचे चार हॅलो सलग हरवणं काही विशेष नाही, मग पूर नसतानाच शाखा दिवसभर सांगली विटा सांगली करत बसेल. १० आणि ४० राहू द्या. ४० सेकंदांत काउंटरवरचा माणूस पासबुक पण उघडत नाही.

आणि सर्व्हर. दोन्ही हब झाले, रूट फिरले, सगळं छान, पण डेटाबेसचा सर्व्हर गावभागात तळमजल्यावरच असेल तर शाखा विट्याला पोचून काय बघणार? सर्व्हरची रोजची प्रत विट्याला जाते का, आणि त्या प्रतीवर काम चालू करता येतं का, हे आधी. राउटिंग त्याच्यानंतर.

मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी सांगलीच्या हबची वायर खरोखर काढा आणि सगळ्या शाखांतून एकेक व्यवहार करून बघा, परत लावा, परत बघा. परत लावल्यावर बघणं लोक विसरतात आणि खरा घोळ तेव्हाच होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की ऑफिसात तसंही फाइली वरच्या मजल्यावर न्यायची गडबड सुरू होते, त्या गडबडीत कॉन्फिगला हात घालायची वेळ येऊ देऊ नका, आणि हब असाच वर नेणार असाल तर आधी विट्यावरून शाखा चालतायत हे बघून मगच त्याची लाइट काढा.